जुलाबाच्या बाळाकडे आधी काय बघायचं

अगं, नवीन आशा सेविका झालीस की घरोघरी तोंडात पहिला प्रश्न हाच येतो, "ताई, बाळाला शी किती वेळा झाली?" तू मात्र आकडा मोजत बसू नकोस. बाळाकडे बघ.

रोटाव्हायरस म्हणजे लहान बाळांना जुलाब करणारा विषाणू. त्यात बहुधा आधी उलटी आणि ताप येतो, मग पाण्यासारखे जुलाब सुरू होतात. ते ३ ते ८ दिवस चालू शकतात. आज्ज्या म्हणतात दात येतायत. म्हणू देत, वाद घालू नकोस, पण तपासणी सोडू नकोस. शीमध्ये रक्त दिसलं तर प्रकरण बहुधा वेगळं असतं, सरळ डॉक्टरांकडे पाठव.

पोटावरची कातडी चिमटीत धरून सोड. हळू परत गेली, डोळे खोल गेलेत, बाळ चिडचिडं आहे आणि पाण्याच्या वाटीवर तुटून पडतंय, तर अंगातलं पाणी कमी झालंय. चिमटीची घडी सोडल्यावरही २ सेकंदांहून जास्त तशीच राहिली, बाळ मलूल आहे, पीतच नाही, तर एक मिनिट थांबू नकोस, १०८ ला फोन लाव. लघवी कधी झाली हेही विचार. लंगोट असेल तर आईला चटकन सांगता येत नाही.

ओआरएसचं, म्हणजे जुलाबात द्यायच्या मीठ-साखरेच्या पुडीचं, मोठं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यातच. अर्धं पाकीट ग्लासात, हा प्रकार मी फार पाहिलाय. उलटी झाली तर १० मिनिटं थांबून चमच्याने पुन्हा. अंगावरचं दूध चालूच. झिंक १४ दिवस, जुलाब थांबले तरी.