गेम जुना, डोकं नवं

प्रश्न : भाऊ, मामेभावाकडनं १९८७चा पहिला फायनल फँटसी हा व्हिडिओ गेम मिळाला, जुना आठ बिटवाला. गेममधले माझे चार जण एका राक्षसावर सोडले, दुसऱ्याच वारात तो मेला आणि उरलेले दोघं हवेत तलवार फिरवून मोकळे! त्यात गुहेत सेव्ह होत नाही आणि आमच्याकडे लाईट कधीही जाते. माझं चुकतंय का? – एक वाचक, भुसावळ

उत्तर : तुमचं काही चुकत नाही भाऊ, तो गेम असाच आहे, मेलेल्यावर मारलेला वार वायाच जातो, म्हणून आधी हिशोब करायचा की हा किती वारात पडेल आणि उरलेले दुसऱ्यावर सोडायचे. मला तर तेच आवडतं, नुसतं बटण दाबत बसलं की गेम कान पकडतो. मंत्रसुद्धा मोजूनच मिळतात, प्रत्येक पातळीचे जास्तीत जास्त नऊ, संपले की गेममधल्या मुक्कामाच्या सराईत जाऊन झोपा! बाहेर नकाशावर तंबू टाकला तरी सेव्ह होतं, म्हणून गुहेत शिरायच्या आधी तंबू टाकाच, आणि लाईटचं म्हणाल तर इन्व्हर्टर असेल तेव्हाच आत जा, मी मे महिन्यात जळगावात दोन तासांची मेहनत अशीच घालवलीय, त्या रात्री शेवभाजीपण गोड लागली नाही.

एक मात्र खरंच चूक आहे, त्या मूळ गेममध्ये आपल्या माणसांच्या बुद्धीचा आकडा वाढतो पण मंत्रांवर काहीच फरक पडत नाही, प्रोग्रामिंगचा घोळ. फारच वैताग आला तर २०२१ची नवी आवृत्ती घ्या, त्यात वार आपोआप दुसऱ्या राक्षसावर वळतो.