झिजलेला टायर लवकर तापतो, पण तेवढ्याने पकड वाढत नाही

आपला प्रश्न असा आहे की, मागचा टायर निम्म्याहून अधिक झिजला असताना तो नव्या टायरपेक्षा लवकर तापतो आणि म्हणून रस्ता अधिक घट्ट धरतो, हे आपल्या मित्राचे म्हणणे खरे आहे का. मी खानापूरहून बेळगावला रोज मोटारसायकलने जातो आणि सुट्टीच्या दिवशी बहुधा चोर्ला घाटाची वाट धरतो. मित्राच्या म्हणण्याचा पहिला भाग काही अंशी बरोबर आहे. दुसरा मात्र त्यातून निघत नाही.

टायर केवळ रस्त्याला घासून तापत नाही. चाक फिरताना रबर दर फेरीला दबते आणि पूर्ववत होते, आणि या दबण्या-उठण्यात खर्च झालेल्या ऊर्जेचा काही भाग उष्णता होऊन रबरातच राहतो. नव्या टायरची नक्षी खोल असते, तिचे उंच ठोकळे अधिक हलतात, त्यामुळे उष्णता अधिक निर्माण होते. मात्र तापवायचे रबरही जास्त असल्याने त्याला वेळ लागतो. झिजलेल्या टायरवर रबराचा थर पातळ उरतो. तो थोड्या उष्णतेने चटकन तापतो हे खरे, पण स्वतः उष्णता कमी निर्माण करतो आणि मिळालेली फार काळ धरूनही ठेवत नाही. एप्रिलमधल्या दुपारी हा फरक जाणवत नाही, कारण डांबरच तापलेले असते. पावसाळ्यात रस्त्यावरचे पाणी उष्णता सतत ओढून घेते, आणि मग जांबोटीला चहासाठी थांबून पुन्हा निघालो की पहिली काही वळणे थंड टायरवरच घ्यावी लागतात.

शिवाय झिजलेला टायर बहुधा जुनाही असतो. अनेकदा तापून थंड झालेले रबर हळूहळू कडक होत जाते, आणि कडक रबर खडीच्या बारीक उंचसखलपणात नीट बसत नाही, मग ते कितीही लवकर तापो. टायरच्या बाजूला कोरलेले चार अंक पाहावेत. ३५२१ असे असेल तर तो २०२१ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. माझ्या मते नक्षीच्या खोलीइतकेच हे अंक महत्त्वाचे आहेत, आणि आपल्याकडे ते जवळजवळ कोणीच पाहत नाही.

मित्राचा समज बहुधा शर्यतीच्या गुळगुळीत टायरांवरून झाला असावा. त्या टायरांचे रबर मुळातच मऊ असते आणि शर्यतीपूर्वी ते विजेच्या आवरणांनी तापवून घेतात. आपला गोटा झालेला टायर त्या जातीचा नव्हे.

माझ्या बाबतीत उष्णतेपेक्षा आकाराने जास्त त्रास दिला. रोजच्या सरळ महामार्गामुळे टायर मधोमध झिजून सपाट झाला होता आणि कडा जवळजवळ नव्या होत्या. घाटात गाडी कलवताना ती आधी कलायला नकार देई आणि मग त्या कडेवरून एकदम आडवी होऊ पाही. जूनमध्ये कणकुंबीच्या पुढे, मलप्रभा जिथे उगम पावते त्या धुवाधार पावसाच्या मुलखात, हलका ब्रेक लावताच मागचे चाक वीतभर सरकले. पडलो नाही, एवढेच. पाण्याला बाहेर पडायला खाचाच उरल्या नसतील, तर रबर आणि डांबर यांच्यामध्ये पाण्याचा थर राहतो आणि तिथे टायर किती तापला आहे हा प्रश्नच उरत नाही.

दुचाकीच्या टायरची नक्षी किमान ०.८ मिलिमीटर असावी, असे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. आमच्याकडच्या पावसासाठी मला ही मर्यादा फार अपुरी वाटते. मी २ मिलिमीटर उरले की मृगाच्या आधीच टायर बदलतो. नवा टायर घेतल्यावरही पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गाडी जपून कलवावी, कारण त्याचा वरचा गुळगुळीत पापुद्रा घासून निघेपर्यंत त्यालाही पुरती पकड येत नाही. आणि लवकर तापावा म्हणून हवा कमी ठेवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. हवा गाडीवर लिहिल्याप्रमाणे, टायर थंड असतानाच मोजून भरावी.