रिपोर्टवर ‘१’ही आणि ‘२’ही

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या शाकारून ठेवलेल्या असतात. खलाशांना दवाखान्याची आठवण होते ती याच दिवसांत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या ट्रॉलरवरचा चाळिशीचा एक खलाशी अशाच एका जुलैत समुपदेशनाला आला. एचआयव्ही असल्याचं कळून दोन दिवस झाले होते. हातातल्या रिपोर्टवर ‘एचआयव्ही-१ व एचआयव्ही-२ दोन्ही रिॲक्टिव्ह’ असं होतं, म्हणजे विषाणूच्या दोन्ही प्रकारांची तपासणी पॉझिटिव्ह.

“लोकांना एक होतो, मला दोन-दोन. म्हणजे अर्ध्या वेळात जाणार ना, ताई?”

आधी त्याला कागदावर तपासणीचं कार्ड काढून दाखवलं. त्यावर तीन ठिपके: एक कंट्रोलचा (तपासणी नीट झाली हे सांगणारा), एक ‘१’चा, एक ‘२’चा. हे दोन विषाणू चुलत भावंडं. त्यामुळे एकाविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं (अँटीबॉडी) कधीकधी दुसऱ्याच्या ठिपक्यालाही चिकटतात आणि संसर्ग एकाचाच असून दोन्ही ठिपके उमटतात. म्हणून असा नमुना एचआयव्ही-२ ची खात्री करणाऱ्या ठरलेल्या प्रयोगशाळेकडे जातो. औषध मात्र त्या निकालासाठी अडवून ठेवायचं नसतं.

एचआयव्ही-२ मुळात पश्चिम आफ्रिकेतला. भारतात १९९१ मध्ये मुंबईतून त्याची नोंद झाली. तो एकटा असला तर सहसा सावकाश वाढतो. दोन विषाणू म्हणजे दोन वेळा घसरलो, असा हिशेब तो मनात मांडत होता. तो चूक. दोन्ही एकाच माणसाकडून, एकाच वेळीही येऊ शकतात.

या खलाशाच्या नमुन्याची तिथे खात्री झाली, दोन्ही विषाणू निघाले. सीडी४, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, ३१० होतं. औषध एकच गोळी, रोज एकदा: टेनोफोविर ३००, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम. ती दोघांवरही चालते. पूर्वीच्या नेव्हिरॅपीन, एफाव्हिरेन्झ या गोळ्या एचआयव्ही-२ वर मुळातच लागू पडत नाहीत; ‘मित्राची उरलेली बाटली’ वापरणं इथे दुप्पट महागात पडतं. सीडी४ ३५० च्या खाली म्हणून इतर संसर्ग टाळणारं कोट्रायमॉक्सेझोलही सुरू झालं. बायकोची तपासणी निगेटिव्ह आली. तीन महिन्यांनी पुन्हा करायला सांगितली.

ऑगस्टात बोटी सुटल्या की खरी कसोटी. बोट आठ-दहा दिवस बाहेर. गोळ्या सुट्या करून शर्टाच्या खिशात ठेवल्या की खारट दमटपणाने त्या ओलसर होतात. म्हणून त्या मूळ बाटलीतच, आतली ओलावा शोषणारी पुडी न काढता, झाकण घट्ट लावून; इंजिनाच्या उष्णतेपासून लांब. वेळ रात्रीच्या जेवणाची. ॲसिडिटीचं पातळ औषध बोटीवर सगळेच ढोसतात, आणि त्यातलं ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम डोल्युटेग्राविर अंगात शोषू देत नाही. म्हणून गोळी त्याच्या दोन तास आधी, नाहीतर सहा तासांनंतर.

मधे मोबाईलवर त्याला एचटीएलव्ही नावाचा विषाणू सापडला, हाही एचआयव्हीसारखा रेट्रोव्हायरस गटातलाच. ‘तिसरापण असेल तर?’ तो जास्त आढळतो ते पट्टे मुख्यतः नैर्ऋत्य जपान, कॅरिबियन अशा ठिकाणचे. आपल्याकडे त्याची सरसकट तपासणी होत नाही. पाय कडक होणं, लघवीचा ताबा सुटणं अशी कारणाविना लक्षणं दिसली तरच डॉक्टर त्या दिशेने बघतात. सोबत एचटीएलव्ही-१ असेल तर सीडी४ चा आकडा फसवा, जास्त दिसू शकतो, एवढंच ध्यानात ठेवावं.

सहा महिन्यांनी व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याचा, रिपोर्ट आला: विषाणू आढळला नाही. तो खूश. “आता निरोध नको ना?”

नेमकी इथेच गफलत होते. एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रावरची ही तपासणी फक्त एचआयव्ही-१ मोजते. एचआयव्ही-२ रक्तात कितीही असला तरी यंत्राला तो दिसत नाही. त्याच्यावर नजर ठेवायची ती सीडी४ आणि तब्येतीवरून. सीडी४ ४२० वर गेलं होतं, म्हणजे गाडी रुळावर होती. पण व्हायरल लोड शून्य आणि सीडी४ घसरत चाललेलं, असं दिसलं की गोळ्या चुकतायत का ते विचारायचं आणि डॉक्टरांना एचआयव्ही-२ ची आठवण करून द्यायची. निरोध सोडायचा नाही, हे त्याला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा बायकोसमोर, तिने हो म्हटल्यावर.

बोट कधी गोव्याला, कधी वेरावळला लागते आणि गोळ्या तिथल्या केंद्रातून घ्याव्या लागतात. नवा डॉक्टर नुसता व्हायरल लोड बघून ‘सगळं उत्तम’ म्हणेल, म्हणून त्याच्या उपचाराच्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर लाल पेनाने मोठ्या अक्षरात लिहून दिलं: ‘१ + २’.