रोज पोस्ट टाकली की साइट गूगल सर्चमध्ये वर येते का?
अरे रोज काहीतरी टाकलंच पाहिजे हे आधी डोक्यातून काढ. गूगलने 2011 मध्ये फ्रेशनेस अपडेट, म्हणजे ताज्या पानांना वर आणणारा बदल, आणलं ते खरंय, पण ताजेपणाला भाव मिळतो तो बातम्या, मॅचचा स्कोअर, नवा फोन असल्या सर्चला, मोदकांची उकड काय दर आठवड्याला बदलते का? मी पण एकदा नुसत्या तारखा बदलून चाळीसेक पानं 'अपडेट' केली होती, ढिम्म फरक पडला नाही. हां, सारखी बदलणारी साइट असेल तर गूगलचा बॉट (पानं वाचत फिरणारा प्रोग्राम) जास्त वेळा येतो, पण त्याने नंबर वर जातो असं नाही. त्यापेक्षा सर्च कन्सोल (साइटला गूगलवरून किती क्लिक येतात ते दाखवणारं गूगलचं टूल) उघड, ज्या पानाचे क्लिक घसरलेत तेच घे, जुने भाव, मेलेल्या लिंका, अर्धवट माहिती नीट कर आणि मगच साइटमॅपमधली (साइटच्या पानांची यादी असलेली फाइल) लास्टमॉडची, म्हणजे पान शेवटचं कधी बदललं ती, तारीख बदल. त्यातलं चेंजफ्रेक, म्हणजे पान किती वेळा बदलतं ते, भरत बसू नको, गूगल ते बघतच नाही.