१५ ऑक्टोबर: दिनविशेषाच्या चौकटीत न मावलेलं

प्रश्न असा आहे: ‘माझा वाढदिवस १५ ऑक्टोबरचा. दिनविशेषात दरवर्षी तीच दोन-चार नावं येतात. या एका दिवसाबद्दल सांगण्यासारखं आणखी काय आहे? रोजचं, अवांतर, बिनकामाचं, काहीही चालेल.’

बिनकामाचं चालेल म्हणालात, म्हणजे आम्हाला रान मोकळंच.

तर पहिली गोष्ट. आपण भिंतीवर जे कॅलेंडर टांगतो, त्याचा पहिला दिवस १ जानेवारी नाही, १५ ऑक्टोबर आहे. साल १५८२. त्याआधी युरोपात ज्युलियन कॅलेंडर चालायचं. त्याचं वर्ष खऱ्या सौर वर्षापेक्षा साधारण अकरा मिनिटांनी मोठं होतं. अकरा मिनिटांनी काय होतंय, असं वाटेल, पण शतकानुशतकं ती साचत गेली आणि सोळाव्या शतकापर्यंत दहा दिवसांचा घोळ झाला. ईस्टरचा हिशेब वसंतसंपातावर, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात त्या दिवसावर बसवलेला, तो सरकायला लागला. मग तेराव्या ग्रेगरी पोपनी सरळ दहा दिवस काढूनच टाकले. स्पेन, पोर्तुगाल, पोलंड आणि इटलीच्या बऱ्याचशा भागात ४ ऑक्टोबरच्या गुरुवारी लोक झोपले आणि १५ ऑक्टोबरच्या शुक्रवारी उठले. वार तुटला नाही, तारखाच तेवढ्या गायब. ५ ते १४ ऑक्टोबर १५८२ या काळात तिथे कोणी जन्मलं नाही, कोणी मेलं नाही. स्पेनमधल्या आविलाच्या संत तेरेसा नेमक्या त्याच रात्री वारल्या, त्यामुळे त्यांचा सण ख्रिस्ती पंचांगात १५ ऑक्टोबरला येतो.

याचा आपल्याशी संबंध काय? आहे, आणि चांगलाच आहे. पोर्तुगालने बदल लगेच स्वीकारला, इंग्लंडने मात्र पोपचं ऐकायचं कशाला म्हणून १७५२ पर्यंत जुनंच रेटलं. म्हणजे शिवाजी महाराजांच्या काळात गोव्यातले पोर्तुगीज आणि मुंबईतले इंग्रज यांच्या तारखांत दहा दिवसांचं अंतर होतं. राज्याभिषेकाला रायगडावर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन हजर होता. त्याच्या हिशेबाने ती ६ जून १६७४. तोच दिवस गोव्याच्या दप्तरात १६ जून. गडावरच्या भटजींना यातलं काहीच नडलं नाही, कारण त्यांची ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी जागच्या जागी होती. शिवजयंतीची १९ फेब्रुवारी १६३० हीसुद्धा जुन्या पद्धतीची तारीख आहे, आजच्या कॅलेंडरने तो दिवस १ मार्च येतो. तारखेने की तिथीने, यावर आपल्याकडे दरवर्षी दोन गट पडतात आणि हमरीतुमरीवर येतात, पण तारीख म्हणजे कोणत्या कॅलेंडरची, हे त्या भांडणात कोणी विचारताना मला तरी दिसलं नाही.

आता तिथीचा विषय निघालाच आहे, तर तुमचा वाढदिवस या बाबतीत मजेशीर जागी येतो. २०२३ ला १५ ऑक्टोबरला घटस्थापना होती. २०२१ ला दसरा. २०१६ ला कोजागरी. २००९ ला धनत्रयोदशी. आणि २०२० ला? त्या दिवशी अधिक आश्विन चालू होता, म्हणजे नवरात्रसुद्धा बसलं नव्हतं. तारीख तीच, पण एका वर्षी घरात घट, एका वर्षी आटवलेलं दूध, एका वर्षी दारात पणत्या, तर एका वर्षी काहीच नाही. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, सौर वर्ष ३६५ चं. दरसाल अकरा दिवस सण मागे येतात आणि अडीच-पावणेतीन वर्षांनी अधिक मास त्यांना पुन्हा पुढे ढकलतो. आमच्याकडे काही बायका अजूनही ‘यंदा सगळं लवकर आलंय गं’ किंवा ‘यंदा सगळंच उशिरा’ असं म्हणतात, तो हिशेब हाच.

या सगळ्या गोंधळात एक गोष्ट मात्र नियमाने होते. एकोणीस सौर वर्षं आणि दोनशे पस्तीस चांद्रमास यांची लांबी जवळजवळ सारखी आहे, फरक दोनेक तासांचा. म्हणून दर एकोणीस वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा गाठ घालतात, फार तर एखादा दिवस मागेपुढे. २००२ चा दसरा १५ ऑक्टोबरलाच होता, २०२१ चाही. आता याच जोरावर आणखी मागे जा. शिर्डीच्या साईबाबांनी देह ठेवला तो १५ ऑक्टोबर १९१८, दसऱ्याचा दिवस. त्याच महिन्यात इन्फ्लुएंझाची साथ मुंबईत कळसाला पोचली होती. आता १९१८ मध्ये एकोणीस दुणे अडतीस मिळवा: १९५६. त्या वर्षीचा दसरा १४ ऑक्टोबरला आला आणि त्या दिवशी नागपुरात बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. एका दिवसाचा फरक सोडला तर दोन्ही दसरे एकाच साखळीतले. शिर्डीत पुण्यतिथीचा उत्सव दसऱ्यालाच होतो. नागपुरातही दीक्षाभूमीवर अशोक विजयादशमीला माणसांचा सागर लोटतो आणि अनेक ठिकाणी १४ ऑक्टोबरही पाळला जातो.

दीक्षेचा दिवस सगळ्यांना माहीत असतो, दुसऱ्या दिवसाबद्दल कमी बोललं जातं. १५ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरातच एक सविस्तर भाषण केलं. नागपूरच का निवडलं, असा प्रश्न तेव्हा बरेच जण विचारत होते. त्याचं उत्तर त्यांनी त्या भाषणात दिलं, नाग लोकांचा आणि बौद्ध धम्माच्या प्रसाराचा संबंध सांगितला. लागोपाठ १६ तारखेला चंद्रपूरला दीक्षेचा कार्यक्रम झाला. पुढे दोन महिनेही झाले नाहीत तोच ते गेले. तुम्हाला वाढदिवसाला एखादी गोष्ट वाचायची असेल तर मी ते भाषण सुचवेन. भाषा साधी आहे, समोरच्या माणसाशी बोलल्यासारखी.

आता जमिनीवरून जरा वर जाऊ. १५ ऑक्टोबर १९३२ ला सकाळी कराचीहून एक छोटं पस मॉथ विमान निघालं. चालवणारे जे. आर. डी. टाटा, वय अठ्ठावीस. सोबत प्रवासी नाही, टपालाची पोतडी, वजन पंचवीस किलोच्या आसपास. लंडनहून इंपीरियल एअरवेजने आलेली टपाल कराचीत उतरायची, ती पुढे न्यायचं हे काम. वाटेत अहमदाबादला इंधन घेतलं, आणि ते इंधन विमानापाशी आलं बैलगाडीतून. मला या सगळ्या हकिकतीतला हा तुकडा सर्वांत आवडतो: डोळ्यांसमोर धुळीचं मैदान, लाकडी पंख्याचं विमान आणि बाजूला पेट्रोलचे डबे उतरवून घेतलेली बैलजोडी. दुपारी विमान जुहूला उतरलं. तिथून त्यांचे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बळ्ळारीमार्गे मद्रासला नेलं. टाटा एअरलाइन्स सुरू झाली ती अशी. पुढे तिची एअर इंडिया झाली, सरकारकडे गेली, २०२२ मध्ये परत टाटांकडे आली, हे तुम्हाला ठाऊक असणारच.

जुहूचं ते मैदान म्हणजे समुद्रकाठची चिखलाची जमीन. पावसाळ्यात तिथे विमान उतरवणं अशक्य, म्हणून पावसाचे महिने सगळा कारभार पुण्याला, येरवड्याच्या मैदानावर हलायचा. म्हणजे आपल्याकडे विमानसेवासुद्धा एकेकाळी पावसाळ्याच्या वेळापत्रकाने चालत होती. बरोबर पन्नास वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९८२ ला, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जेआरडींनी कराची ते मुंबई तोच प्रवास लेपर्ड मॉथ या जुन्या विमानातून पुन्हा केला.

पावसाचं म्हणाल तर हवामान खात्याच्या लेखी १५ ऑक्टोबर म्हणजे नैर्ऋत्य मोसमी पावसाने सबंध देशातून निघून जाण्याची सर्वसाधारण तारीख. राजस्थानातून तो १७ सप्टेंबरच्या सुमारास निघतो. मुंबईची तारीख पूर्वी २९ सप्टेंबर होती, २०२० मध्ये ती ८ ऑक्टोबर केली. पण पावसाने खात्याचं पत्रक वाचलेलं असतं असं नाही. त्याच २०२० साली बंगालच्या उपसागरातून निघालेला कमी दाबाचा पट्टा हैदराबादला झोडपून महाराष्ट्रात शिरला आणि १४ ऑक्टोबरला पुणे, सोलापूर, पंढरपूर पाण्यात गेलं. सोयाबीन काढून रानात गंजी लावलेली, त्यावर धो धो पाऊस. शहरात आपण परतीच्या पावसाचे ढग बघून फोटो टाकतो. ज्याचं सोयाबीन काळं पडतं, त्याला ते फोटो दाखवायची माझी तरी हिंमत नाही.

जुनी माणसं याला चित्राचा पाऊस म्हणतात. हस्त संपून १०-११ ऑक्टोबरला सूर्य चित्रा नक्षत्रात जातो. ‘पडतील चित्रा तर भात खाईना कुत्रा’. याचा अर्थ भात इतका पिकतो की कुत्रंही विटतं, असं मी ऐकलंय आणि भात इतका नासतो की कुत्रंही शिवत नाही, असंही ऐकलंय. कोणत्या शेतात उभं राहून म्हणताय त्यावर ते असावं.

आणि पाऊस खरंच गेला की ऑक्टोबर हीट. बरेच जण म्हणतात की दिवाळी जवळ आली तरी थंडी कशी नाही. सूर्य तर २३ सप्टेंबरलाच विषुववृत्त ओलांडून दक्षिणेला गेलेला असतो, दिवसही बारा तासांच्या आत आलेला असतो. तरी मुंबईत जुलैत तिशीच्या आसपास असलेलं कमाल तापमान आता चौतीस-पस्तिसापर्यंत चढतं. ढगांची छत्री गेली, जमीन अजून ओली, तिची वाफ हवेत आणि वारा फिरून जमिनीकडून यायला लागलेला. समुद्रावरचा वारा दुपारी उशिरा सुटतो, तोवर घामाच्या धारा. पहाटे मात्र पांघरूण शोधावं लागतं. घशाचे डॉक्टर या दिवसांत का बिझी असतात, ते वेगळं सांगायला नको.

याच दिवसांत संध्याकाळी सातच्या पुढे रस्त्याने जाताना एक उग्र, गोडसर वास अंगावर येतो. तो सप्तपर्णीचा, म्हणजे सातविणीचा. पांढरट हिरव्या फुलांचे गुच्छ, पानं चक्रासारखी, एका पेरावर बहुतेक सात, पण मोजायला गेलात तर सहा किंवा पाचही सापडतील. अंधार पडला की वास वाढतो. काहींना तो भारी आवडतो, काहींचं डोकं दुखतं. सोसायटीने ओळीने लावलेल्या आठ झाडांखाली मी गाडी लावतो, त्यामुळे माझं मत काय असेल ते ओळखा. पूर्वी याच्या लाकडाच्या शाळेतल्या पाट्या आणि फळे व्हायचे, त्यावरूनच शास्त्रीय नावात ‘स्कोलॅरिस’ आलं. शांतिनिकेतनात पदवीदान समारंभात सप्तपर्णीची पानं देतात.

शाळेवरून कलाम आलेच. त्यांना टाळून पुढे जाणं बरं दिसणार नाही. १५ ऑक्टोबर १९३१, रामेश्वरम. महाराष्ट्रात २०१५ पासून हा दिवस वाचन प्रेरणा दिन आहे. शाळाशाळांत मुलं पुस्तकं हातात धरून रांगेत बसतात, फोटो निघतात, काही मुलं खरंच वाचतातही. मला वाटतं, त्या मुलांना भाषणाऐवजी एवढं सांगावं: दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गाडी रामेश्वरम स्टेशनवर थांबेनाशी झाली, तेव्हा वर्तमानपत्रांचे गठ्ठे रामेश्वरम ते धनुष्कोडी या पट्ट्यात चालत्या गाडीतून खाली फेकायचे. पेपर वाटायचं काम त्यांच्या चुलतभावाकडे होतं आणि गठ्ठे झेलायला हा पोरगा. ते धनुष्कोडी गाव पुढे १९६४ च्या डिसेंबरातल्या वादळात उद्ध्वस्त झालं. आणि हो, या तारखेला ‘जागतिक विद्यार्थी दिन’ संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलाय असे मेसेज फिरतात, ते पुढे पाठवू नका. त्यांच्या यादीत १५ ऑक्टोबरला ग्रामीण महिलांचा दिवस आहे.

बाकी किरकोळ: मणिपूर आणि त्रिपुरा ही दोन्ही संस्थानं १५ ऑक्टोबर १९४९ ला भारतात विलीन झाली. यांग लिवेई हा चीनचा पहिला अंतराळवीर २००३ मध्ये याच दिवशी वर गेला. बाजारात सीताफळं असतात, सासवडकडची घ्या. आणि पहाटे पाचला जाग आली तर गच्चीवर जा, मृग नक्षत्र दक्षिणेला चांगलं वर आलेलं असतं.

जन्मसाल तुम्ही लिहिलेलं नाही. पण तुमच्या एकोणिसाव्या, अडतिसाव्या आणि सत्तावन्नाव्या वाढदिवसाला पंचांग उघडून बघा. जन्माच्या दिवशी जी तिथी होती तीच, किंवा फार तर तिच्या अलीकडची-पलीकडची असेल. अडतिसावा झाला असेल तर बघून मला इथे खाली कळवा, माझ्या घरच्या दोघांवर तरी हे जुळलंय.