तक्रार केली तर बाबांवर राग काढतील का?

आईला नाहीतर बाबांना म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्या संस्थेत ठेवलंय, तिथं काहीतरी खटकतंय, पण बोलायची भीती वाटते, कारण आपण तासाभराने निघून येणार आणि ते मात्र त्यांच्याच हातात राहणार. महिन्याला दोघं-तिघं तरी हेच घेऊन माझ्याकडे सल्ल्याला येतात, म्हणून एका ताईंची गोष्ट सांगते, त्यांची परवानगी घेऊन आणि ओळख पटणार नाही इतके बदल करून.

ताई कोथरूडच्या, वय 54, बँकेत नोकरी. बाबा 83 वर्षांचे, सगळी नोकरी खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत झालेली, अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. दोन वर्षं घरीच केलं. ब्युरोतून घरी सांभाळायला येणारे मामा टिकेनात, बाबांना उचलून उचलून ताईंची स्वतःची कंबर गेली, तेव्हा कुठे सिंहगड रोडच्या पुढे एका संस्थेत ठेवलं.

पहिल्या वेळी त्या नुसत्या रडत होत्या, "मी बाबांना टाकून आले हो मॅडम." मग तक्रारी निघाल्या, एकात एक गुंतलेल्या. अंगात दुसऱ्याच कुणाचा स्वेटर, नखं वाढलेली, भाजीला चव नाही, मावशी मोबाईल बघत बसतात आणि बाबा आठवड्याभरापासून रात्री "आठची पाळी आहे, डबा द्या" म्हणून ओरडतात. हे सगळं त्या एकाच दमात, एकाच आवाजात सांगत होत्या, म्हणजे भाजीचं मीठ आणि बाबांचं रात्रीचं ओरडणं सारख्याच वजनाचं. मनात अपराधीपणा असला की असंच होतं, कशाकडे आधी बघायचं तेच कळत नाही. आणि संस्थेत गेल्यावर मात्र सगळ्यांना पेढे द्यायचे, हसायचं, आणि परत येताना राजाराम पूल येईपर्यंत रिक्षात रडायचं.

मी त्यांना एकच काम दिलं. रविवारी अकराला जाऊ नका, तेव्हा सगळ्यांची अंघोळ, पावडर झालेली असते. मधल्या वारी जेवणाच्या वेळेला जा, अर्धा तास कुणालाही काही न बोलता बाबांच्या कॉटशेजारी बसा आणि फक्त बघा.

त्यांनी गुरुवारी हाफ डे टाकला. साडेबाराला पोचल्या तर उजव्या हाताच्या स्टुलावर स्टीलचा ग्लास, काठोकाठ भरलेला, वर झाकण. बाबांचा डावा हात उचलला जायचा, छातीपर्यंत यायचा आणि परत चादरीवर पडायचा. असं तीनदा झालं. बाबा तोंडाने काही बोलले नाहीत. मग मावशी आल्या, "आजोबांना पाणी नकोच असतं" म्हणाल्या आणि ग्लास घेऊन गेल्या. बाहेरच्या वहीत "पाणी दिलं" असं लिहिलेलं होतं.

ताईंनी त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवायला लावलं. लघवीत इन्फेक्शन निघालं, अंगातलं पाणी कमी झालेलं. औषधं आणि पाणी पोटात गेल्यावर काही दिवसांत आठची पाळी थांबली. हे सगळ्यांनीच लक्षात ठेवा, म्हाताऱ्या माणसाचं दोन-चार दिवसांत अचानक भान हरपलं तर डिमेन्शिया म्हणून सोडून देऊ नका, आधी इन्फेक्शन, पाणी आणि नवीन सुरू झालेल्या गोळ्या बघायला लावा. बाबांना कुणीतरी झोपेची गोळी सुरू करा म्हणत होतं, ती दिली असती तर ओरडणं थांबलं असतं आणि आजार आत तसाच राहिला असता.

आता बोलायचं होतं. ताईंना नातेवाईकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मोठ्ठा मेसेज टाकायचा होता. मी म्हटलं टाकायचा तर उद्या टाका, आज माझ्याशी बोलून बघा, मीच संस्थेची मॅनेजर आहे असं समजा. "तुमचं लक्षच नसतं" म्हटलं की समोरचा भांडायलाच उभा राहतो. मग आम्ही वाक्य बसवलं, "गुरुवारी साडेबाराला ग्लास उजवीकडे होता, बाबांचा उजवा हात चालत नाही, डावीकडे ठेवा, हातात द्या आणि किती प्यायले ते वहीत लिहा."

मॅनेजर काय म्हणाले? "इतकं वाटतंय तर घरी घेऊन जा." ज्याची भीती होती तेच. ताईंचे पाय लटपटत होते पण म्हणाल्या, "न्यायचं तेव्हा नेईन, आत्ता ग्लासचं बोलूया." मला त्यांचा फार अभिमान वाटला त्या दिवशी. घरी येऊन तेच तारीख-वेळ घालून ईमेल केलं.

पण खरं कारण कळलं ते मावशींकडून, पुढच्या खेपेला ताई त्यांच्याशेजारी चहा घेत बसल्या तेव्हा. रात्री 19 जणांना दोनच माणसं, बारा तासांची ड्युटी, आणि डायपर मोजून मिळायचे. बाबा जास्त प्यायले की डायपर भिजणार, बदलायला दुसरा नाही, मग ओल्यात झोपवण्यापेक्षा पाणीच कमी दिलेलं बरं असं त्या माउलीला वाटायचं. चुकीचंच होतं ते, पण दुष्टपणा नव्हता. ताईंनी हेही मॅनेजरांपुढे मांडलं, मावशींचं नाव न घेता. जादा डायपरचे पैसे ताई देतात, रात्री दोनला बदलायचं ठरलंय, दिवसा पाणी वाढवलंय.

प्रत्येक ठिकाणी असं जुळत नाही. पाठीवर-माकडहाडावर जखम झाली (पडून असलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायला लागते), अंगावर वळ दिसले आणि कुणालाच कारण सांगता येत नाही, हात बांधून ठेवले, न कळवता जाल तर आत सोडत नाहीत, तर तिथं गोड बोलत बसू नका. फोटो काढा, डॉक्टरांना दाखवा, दुसरी जागा शोधा, आणि 14567 ही ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, तिथं फोन करा.

ताई अजून महिन्यातून एकदा येतात. "टाकून आले" हे वाक्य अजून निघतं, मागच्या वेळी एकदाच निघालं. नखांचं अजून मार्गी लागलेलं नाही, म्हणून पर्समध्ये नेलकटर ठेवतात आणि गुरुवारी बाबांचा डावा हात मांडीवर घेऊन स्वतः कापतात.