२०१८ चा 'हॅलोवीन' हा भयपट बघण्याआधी मागचे सगळे भाग बघावे लागतात का?

अजिबात नाही. फक्त १९७८ चा पहिला, जॉन कार्पेंटरने दिग्दर्शित केलेला बघा. २०१८ चा हा मालिकेतला अकरावा चित्रपट, पण दिग्दर्शक डेव्हिड गॉर्डन ग्रीन यांनी मधले सगळे भाग घडलेच नाहीत असं धरून थेट पहिल्याची पुढची गोष्ट सांगितली आहे. १९८१ च्या दुसऱ्या भागात नायिका लॉरी ही मुखवटा घातलेल्या खुन्याची, मायकल मायर्सची बहीण निघते. ते नातंही इथे काढून टाकलंय. माझ्या मते हा सगळ्यात चांगला निर्णय. मायकल तिच्यामागे का लागला याला कारणच नाही, आणि भीती तिथूनच येते.

पहिला मात्र खरंच चुकवू नका. त्यात वर्गात बसलेली लॉरी खिडकीबाहेर बघते, तर रस्त्यापलीकडे मायकल उभा असतो. चाळीस वर्षांनी तिची नात तशीच वर्गातून बाहेर बघते आणि पलीकडे उभी असते आजी, म्हणजे लॉरी. पहिला बघितला नसेल तर या प्रसंगातलं काहीच हाती लागत नाही. जेमी ली कर्टिसने रंगवलेली ही आजी, घराचा किल्ला करून बसलेली, मुलीशी नातं तुटलेली, मला मायकलपेक्षा जास्त लक्षात राहिली.

संगीतही कार्पेंटरचंच आहे, मुलगा कोडी आणि डॅनियल डेव्हिस यांच्या साथीने. रात्री हेडफोन लावून बघा.